हातचा एक

२४ नोव्हेंबर २०२४च्या रविवारी मी नागपुरात एमबीए प्रवेशाची कॅट परीक्षा दिली आणि गणिताच्या भागात मला उणे दोन गुण पडले. बावीस प्रश्न होते, चाळीस मिनिटं होती. मी सहाच प्रश्नांना हात घातला, सगळे पर्यायांचे. एक बरोबर आला, त्याचे तीन. पाच चुकले, त्यांचे उणे पाच. हात जोडून चाळीस मिनिटं नुसती बसून राहिले असते तर शून्य मिळालं असतं, म्हणजे मिळाले त्याहून दोन जास्त.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो की काही न करण्यापेक्षा करणं बरं. कॅटला निगेटिव्ह मार्किंग असतं हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. आपल्या राज्याची एमबीए सीईटी त्या मानानं गीतेला धरून आहे: दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं, चुकलं तरी दंड नाही. तिथे माणूस शेवटच्या मिनिटाला उरलेले सगळे गोल बिनधास्त ठोकतो. कॅटमध्ये तसं करणाऱ्याचं काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

मी नवेगाव बांधची. वय एकोणतीस. बी. ए., विषय मराठी आणि तत्त्वज्ञान. सहा वर्षांपासून एका राइस मिलच्या ऑफिसात धान किती आलं, तांदूळ किती गेला, याच्या नोंदी ठेवते. मालक ज्या कागदावर सही करतात तो कागद मी तयार करते. एकदा वाटलं की त्या कागदावर काय असावं हे ठरवणाऱ्या खुर्चीत बसून बघावं. नागपूरला २०१५पासून आयआयएम आहे. साकोली-भंडाऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला नागपूर. अंतर फार नाही. आडवं आलं ते गणित.

उणे दोनची बातमी आजीला सांगितली तेव्हा ती सुपात तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुया कपारात गनितच नाही लिवलं, बाई. काहून डोस्कं फोडतेस?" तिच्या मते हे सगळं सहाव्या रात्रीच ठरलं होतं. बाळंतिणीच्या खोलीत सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती तिनं स्वतःच्या हातानं ठेवली होती. सटवाईनं बाकी पुष्कळ लिहिलं, आकडे लिहिले नाहीत. आजीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला मला मोकळं करायचं होतं. जे नाहीच ते आणता येत नाही, मग रडायचं कशाला, अशी ती माया होती. म्हणूनच ती मला जास्त लागली.

मी तत्त्वज्ञान शिकले होते, त्यामुळे आजीच्या कपाळाचं शास्त्रीय नाव मला माहीत होतं. संचित म्हणजे आजवरचा सगळा साठा. प्रारब्ध म्हणजे त्या साठ्यातला फळायला लागलेला भाग. क्रियमाण म्हणजे आत्ता करतोय ते. भात्यातला बाण, सुटलेला बाण आणि हातातला बाण, असा दृष्टान्त आमच्या वहीत होता आणि परीक्षेत त्यावर मला दहापैकी आठ गुणही मिळाले होते. तेव्हा कळलं नव्हतं की हे परीक्षेपुरतं टिपण नाही. माणसाला एखादी गोष्ट येत नाही, तेव्हा ते न येणं त्याच्या असण्याचा भाग असतो का? की अंगावर बसलेल्या धुळीसारखं असतं, झटकलं की गेलं? गेलं वर्षभर मी हाच प्रश्न घेऊन फिरते आहे. मध्ये मध्ये शेकडेवारी सोडवते.

माझ्या न येण्याचा इतिहास थोडक्यात असा. आठवी-नववीत आमच्या वर्गाला दीड वर्ष गणिताचे शिक्षक नव्हते. तासाला खेळाचे सर येत आणि मैदानावर नेत. आम्हाला ते आवडायचंही. दहावीला तेव्हा सामान्य गणिताचा पर्याय होता. बीजगणित-भूमितीच्या फंदात पडू नकोस, हे घे, सुटशील, असं सांगण्यात आलं. मी घेतलं आणि सुटले. हा सुटणं शब्द मोठा फसवा आहे. बंधनातून सुटतात, परीक्षेतून सुटतात, हातातूनही सुटतं.

उणे दोन आल्यानंतर पहिला महिना मी फक्त वाचलं. गणित नव्हे, गणिताबद्दल. माझ्यासारख्यांची ती जुनी खोड आहे. त्यात भास्कराचार्यांची लीलावती भेटली. ग्रंथ ११५०चा, भास्कराचार्य तेव्हा छत्तीस वर्षांचे. त्या नावामागची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. लीलावती ही त्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत लग्नसुख नव्हतं. ज्योतिषी बापानं त्यातून वाट काढणारा एकच मुहूर्त शोधला आणि वेळ मोजायला पाण्यात घटिकापात्र सोडलं. मुलगी कुतूहलानं वाकून बघायला गेली, तिच्या साजातला मोती निखळून पात्रात पडला, भोक बुजलं, पाणी शिरेना, घटका भरेचना आणि मुहूर्त निघून गेला. मग बापानं तिच्या नावानं ग्रंथ लिहिला.

ही गोष्ट भास्कराचार्यांनी कुठेही सांगितलेली नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत ती येते, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. तरी ती मला सोडवेना. कारण त्या गोष्टीतला बाप दोन्ही आहे, प्रारब्ध वाचणाराही आणि गणित शिकवणाराही. पत्रिका फसली तेव्हा त्यानं मुलीच्या हातात दिलं ते त्रैराशिक. आजीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "पोरीचं लगन मोडलं, आन बापानं पुस्तक लिवलं?" त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

जानेवारीत मी काकांच्या मुलीकडून बालभारतीचं सातवीचं पुस्तक मागून आणलं. एकोणतिसाव्या वर्षी ऑफिसच्या टेबलावर सातवीचं गणित उघडून बसायला जेवढी हिंमत लागते तेवढी मला नंतर कशालाच लागली नाही. हमाल लोक डोकावून जात. पहिल्याच आठवड्यात दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश यांची बेरीज मी पाच सप्तमांश केली, वरचे वर, खालचे खाली. अर्ध्याहून मोठे दोन भाग मिळवले आणि उत्तर एकापेक्षा लहान आलं, तरी मला काही खटकलं नाही. माझा रोग मला इथे कळला. नियम विसरले होते ही फार तर सर्दी. खरी गोष्ट ही की आकडे पाहताना मी त्यामागची वस्तू पाहणं कधीच सोडून दिलं होतं. पायलीभर तांदळाच्या बाबतीत मी अशी फसले नसते.

माझ्या आबाजींना चौऱ्याऐंशी वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत. त्यांना मी पुस्तक दाखवलं तेव्हा त्यांनी ते बंद केलं आणि ओसरीवर बसून पावकी म्हणायला सुरुवात केली. मग निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. सात औट किती विचारलं की डोळे मिटूनच साडेचोवीस म्हणतात. मी मोबाइलवर कोचिंगवाल्यांचे व्हिडिओ बघत होते, त्यात अपूर्णांकाचे टक्के पाठ करायला सांगतात: एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के, तीन अष्टमांश म्हणजे साडेसदतीस. तो तक्ता मी भिंतीला चिकटवला होता. आबाजींनी तो वाचून घेतला आणि विचारलं, "हे अदपावाचंच हाय ना?" अदपाव तेल, अदपाव चहा हे आमच्या घरात आजही म्हणतात. शेराचा आठवा भाग. शंभराचा आठवा भाग साडेबारा. भिंतीवरचा तक्ता मी त्या दिवशी काढला. तत्त्वापोटी वगैरे नाही, खालून पोपडे निघत होते. पण परत लावलाही नाही.

याहून मोठा धक्का मिलमध्ये बसला. सरकारी धान भरडून द्यायचं तर क्विंटलमागे सदुसष्ट किलो तांदूळ जमा करावा लागतो. अमुक इतका तांदूळ द्यायचाय, धान किती उचलावं लागेल, हे मला रोज लागतं आणि मी ते कॅल्क्युलेटरवर पाहण्याआधीच अंदाजानं सांगते, दोन-चार क्विंटलांच्या फरकानं. एप्रिलमध्ये सराव पुस्तकात प्रश्न आला: एक संख्या तेहतीस टक्क्यांनी कमी केली असता दोनशे नव्वद उरतात, तर मूळ संख्या कोणती? मी थिजले. ती संख्या मला धरताच येईना. दोनशे नव्वदमध्ये तेहतीस टक्के मिळवून पाहिले, जुळेना. दहा मिनिटांनी लक्षात आलं की हा तर तांदळावरून धान काढायचा हिशेब आहे, दोनशे नव्वद क्विंटलांना चारशे तेहतीसच्या आसपास. सहा वर्षं पगार घेऊन मी जे करत होते ते मला येत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

कॉलेजात प्लेटोचा एक संवाद शिकलो होतो, मेनो. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला बोलावतो. मुलगा कधी गणित शिकलेला नाही. दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सांगतो. मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करा. क्षेत्रफळ सोळा होतं, हवं होतं आठ. मग म्हणतो, तीन फूट. नऊ होतं. मग म्हणतो, मला माहीत नाही. तेव्हा सॉक्रेटिस फक्त विचारत विचारत त्याला कर्णापर्यंत नेतो. मूळ चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस बरोबर दुप्पट असतो. यावरून सॉक्रेटिस म्हणतो की आत्मा हे सगळं आधीच शिकून आलेला असतो आणि शिकणं म्हणजे आठवणं.

मला गंमत वाटते ती ही. आधीचे जन्म आजीही मानते आणि सॉक्रेटिसही. आजीच्या हिशेबात मागच्या जन्मामुळे मला गणित येणार नाही. सॉक्रेटिसच्या हिशेबात मागच्या जन्मामुळे ते मला येतंच आहे. तोच पुरावा, निकाल उलटे. गुलाम मुलगा मात्र दोघांच्याही बाजूनं साक्ष द्यायला उरत नाही. संवाद पुढे सरकतो आणि तो कर्ण सापडलेला मुलगा गुलामच राहतो. प्लेटो त्याचं नावही सांगत नाही.

हे शेवटचं माझं नाही, माझ्या मैत्रिणीचं आहे. ती राज्यसेवेची तयारी करते. तिच्या मोहल्ल्यातल्या विहारात अभ्यासिका आहे, रात्री अकरापर्यंत दिवे चालू असतात, पंखा एकच. मार्चपासून मी तिथे बसते. माझ्या घरात टीव्ही आणि पाहुणे यांच्यामध्ये बीजगणित बसत नाही. मेनोची गोष्ट मी तिला मोठ्या कौतुकानं सांगितली, तर ती म्हणाली, "त्याले आदी शाळेत घालाचं होतं, मंग जन्म मोजाचे होते." ती प्रारब्ध मानत नाही. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, जो त्यांच्या पश्चात १९५७मध्ये आला, पूर्वकर्माच्या सिद्धान्ताची त्यांनी कठोर झडती घेतली आहे: माणसाची दैना त्याच्याच मागच्या जन्मावर ढकलली की समाजाची आणि राज्याची जबाबदारी संपते. मैत्रिणीनं ते पान काढून माझ्यापुढे ठेवलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "दीड वर्ष तुमच्या वर्गाले मास्तर नवता. तेबी सटवाईनंच लिवलं का?"

वर्गात चाळीस मुलं होती. चाळीस घरांतल्या चाळीस पाळण्यांवर सटवाईनं तेच लिहिलं असेल, हे आजीलाही पटवणं कठीण आहे.

तरी मी पूर्ण सुटले नाही. कारण दीड वर्ष मास्तर नव्हते हे खरं, आणि त्यानंतरची चौदा वर्षं मी पुस्तक उघडलं नाही हेही खरं. एक दिवस आबाजी वाण्याची चिठ्ठी तपासत होते. चार ओळींची बेरीज, ओठातल्या ओठात. एककाची ओळ झाली आणि म्हणाले, "हातचा एक." मी तो शब्द आयुष्यभर ऐकत आले आहे आणि त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. हातचा म्हणजे आत्ताच्या ओळीत तुम्ही कमावलेला नाही, मागून आलेला. तो विसरलात तर बेरीज चुकते. पण तो असतो लहान, दोन-चार रकमांच्या बेरजेत एक, फार तर तीन. बाकीची ओळ समोर मांडलेली असते आणि ती तुम्हालाच मिळवायची असते. मला वाटलं, प्रारब्धाबद्दल आपल्याला पटण्यासारखं काही सापडलं. संध्याकाळी धावत जाऊन मैत्रिणीला सांगितलं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "हातचा मान्य. पन तो मागच्या जन्मातून नाही आला वो, मागच्या रकान्यातून आला. रकाना दाखवता येते." तिच्या या एका वाक्यासाठी मी तिला दोन समोसे दिले, पण मुद्दा तिच्याकडे गेला याचं थोडं वाईटही वाटलं.

रकाना दाखवायचा म्हणून मी चुकांची वही सुरू केली. तीन उभे रकाने. पहिल्यात, जे येतच नव्हतं ते. दुसऱ्यात, जे येत होतं पण हात घसरला ते. तिसऱ्यात, प्रश्नच नीट वाचला नाही ते. दिवाळीपर्यंत तीनशे बारा चुका जमल्या. त्यातल्या पहिल्या रकान्यात एकोणनव्वद. दुसऱ्यात एकशे एकतीस, तिसऱ्यात ब्याण्णव. म्हणजे ज्या गोष्टीला मी चौदा वर्षं 'माझं गणित कच्चं' म्हणत आले त्यातला खरा कच्चेपणा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी निघाला. उरलेलं घाई आणि भीती यांच्या नावावर होतं. भीतीमुळे मी प्रश्न अर्धा वाचून पळत होते, जसं लहानपणी अंधारातल्या आंब्याखालून पळायचे.

एक चूक मात्र चारदा आली. क्ष वर्ग बरोबर पाच क्ष. मी दोन्ही बाजूंना क्षनं भागायची आणि लिहायची, क्ष बरोबर पाच. उत्तरं दोन आहेत, पाच आणि शून्य. शून्यानं भागता येत नाही आणि मी नकळत शून्यानंच भागून शून्याला गाळत होते. भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्यानं भागलेल्या राशीला खहर म्हटलं आहे आणि तिच्याबद्दल ते एकदम देवाचं बोलतात: अशा राशीत कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही, जसे सृष्टी होताना आणि लय पावताना असंख्य जीव निघाले-आले तरी त्या अनंत अच्युतात काही फरक पडत नाही. आजचे गणिती शून्यानं भागणं मान्यच करत नाहीत. पण हिशेबाच्या पुस्तकात मधेच थांबून एखादा माणूस इकडे आकाश आहे असं दाखवतो, ते वाचून माझा त्या चारही चुकांवरचा राग गेला. त्यांना वहीत कोणत्या रकान्यात घालावं कळेना. पहिल्यातच घातल्या.

आता कार्तिक चालू आहे. आमच्याकडे महिनाभर पहाटे काकडा असतो. धानाची कापणी आणि काकडा एकाच वेळी येतात, त्यामुळे देवळात निम्मे लोक अंगाला तनसाचा वास घेऊन बसतात. यंदा बुवांनी नाथांची गोष्ट लावली. देवगिरीवर जनार्दनस्वामी किल्लेदार, एकनाथ त्यांच्याकडे हिशेब लिहायला. एका रात्री ताळा जुळेना, एका पैची चूक. नाथ समई लावून बसले. पहाटेला चूक सापडली आणि आनंदानं त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, कारण कळलं आणि म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, मग जन्माची चूक सापडली तर केवढा होईल. हेच चित्त तिकडे लाव. बुवांनी तात्पर्य सांगितलं: हिशेब सोडा, हरी धरा. सगळे 'विठ्ठल' म्हणाले. मीही म्हणाले, पण मनातून नाही.

प्रसाद वाटताना मी बुवांना गाठलं. म्हटलं, "महाराज, नाथांनी हिशेब सोडला कुठे? शके १५०६मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवून पाठ शुद्ध केले. प्रतींमधले अपपाठ शोधून काढले. ही तीच पै शोधणारी नजर नव्हे का?" बुवा मोठे गोड माणूस आहेत. म्हणाले, "बाई, नजर तीच, पण वही बदलली ना?" मी म्हटलं, वही बदलली खरी. घरी येताना मात्र मला टाळी आठवत राहिली. ती चूक नाथांच्याच लिखाणातली होती. दुसऱ्याची चूक पकडून टाळी वाजवणारे आमच्या ऑफिसात चार आहेत. स्वतःची सापडली म्हणून, मध्यरात्र उलटल्यावर, कोणी बघत नसताना टाळी वाजवणाऱ्याच्या मनात त्या क्षणी 'मी' कुठे बसला असेल? मला वाटतं, स्वामी झोपेतून उठले तेव्हा शिष्य अर्ध्या वाटेवर पोचलेला होता. बाकीचं त्यांनी सांगितलं ते पत्ता सांगावा तसं. हे माझं मत आहे, संप्रदायाचं नव्हे.

मी उणे दोनची उत्तरतालिका आठवडाभर उघडली नव्हती.

एक आक्षेप राहिला, तो माझ्या मामांचा. ते म्हणतात, विद्या ती विद्येसाठी. तू गणित करतेस ते एमबीएच्या सीटसाठी, म्हणजे पैशासाठी. हे फळावर नजर ठेवून केलेलं कर्म. त्यात कसलं अध्यात्म शोधतेस? मामा स्वतः कृषी केंद्र चालवतात, पण ते असो. त्यांना द्यायला माझ्याकडे एक शिलालेख आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख १२०७चा आहे. संस्कृत मजकुरानंतर त्यात जुन्या मराठीतल्या ओळी येतात आणि त्या सरळ पैशाच्या आहेत: पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला येणारा वाटा या मठाला दिला आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी बाजारात कोणी मीठमिरची घेतली तरी त्यातला कण गणित शिकणाऱ्या पोरांच्या पोटात जात होता. लीलावतीतही व्याज आहे, भांडवलाची वाटणी आहे, मालाची अदलाबदल आहे. त्याही आधी, ६२८मध्ये, ब्रह्मगुप्तानं उणे संख्यांचे नियम लिहिले तेव्हा त्यांना ऋण म्हटलं आणि अधिक संख्यांना धन. आपण शाळेत आजही तेच शब्द वापरतो. ऋण आणि ऋण यांचा गुणाकार धन, हे मला नववीत कोणी समजावलं असतं तर कदाचित कर्जाच्या भाषेत पटलं असतं. मामा म्हणाले, "तू वाचतेस लय." वाद तिथेच राहिला.

संध्याकाळी मिल सुटली की मी कधी कधी तलावाच्या पाळीवर जाऊन बसते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळ्यानं हा तलाव बांधला असं सांगतात. आम्हीही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची जात. डोंगरांमधली फट हेरून तिथेच पाळ घालायची, म्हणजे थोड्या मातीत पुष्कळ पाणी अडतं; ही गोष्ट ज्याला सुचली त्याच्या डोक्यात क्षेत्रफळ, उतार, घनफळ सगळं होतं, फक्त नावं नव्हती. समोर सातबहिणींचे डोंगर आहेत. त्या बहिणींनी कोलूला मदत केली म्हणून पाळ टिकली, असं जुनी माणसं मानतात. कोलूचा कोलासुर देव झाला, त्याचं ठाणं आहे. नारळ फुटतात. मीही फोडला आहे, परीक्षेला जाताना. पण पाळीवर बसलं की मला वाटतं, आम्ही ही एक लबाडी केली. ज्याला हिशेब जमला त्याला देव करून टाकलं, म्हणजे तो कसा जमला हे शिकायला नको. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते, तेव्हा ते गावच्या जाणत्यांच्या आणि ढिवरांच्या मागे वही घेऊन फिरत आणि प्रत्येक पाखराला इथली माणसं काय म्हणतात ते विचारत. पाखरं आमचीच, नावं आमचीच. ती लिहून घ्यावीत असं बाहेरून आलेल्या माणसाला वाटलं. कोलू पाटलामागे असा कोणी वही घेऊन फिरला नाही.

परवा पाळीवर बसून मी शेकडेवारी केली. इथलं राष्ट्रीय उद्यान १९७५चं, १३३.८८ चौरस किलोमीटर. तलाव साधारण अकरा. आठ टक्क्यांना १०.७१ होतात, उरले ०.२९, म्हणजे आणखी दोन दशांशाच्या आसपास. आठ पूर्णांक दोन. कागद न घेता आलं. समोर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता, दुसरं कोणी नव्हतं.

३० नोव्हेंबर २०२५ला पुन्हा कॅट आहे. सरावात मी आता बावीसपैकी नऊ-दहा प्रश्न घेते, सहा-सात बरोबर येतात. मोठ्या आयआयएमला हे पुरत नाही, सीईटीला कदाचित पुरेल. आजी विचारते, "किती मार्काले पास?" पर्सेंटाइल म्हणजे आपण शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहोत ते, असं सांगितलं तर म्हणते, "मंग लोकं हुशार निंघाले तं तू ढ?" हा प्रश्न मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे.

काल रात्री मिश्रणाची उदाहरणं करत होते. परीक्षावाल्यांना मिश्रण फार आवडतं. दुधात पाणी, सोन्यात तांबं, चहात चहा. मी मोठ्यानं वाचत होते, आजी अंथरुणावर पडून ऐकत होती. साठ रुपये किलोचा तांदूळ आणि पंचेचाळीस रुपये किलोचा तांदूळ कोणत्या प्रमाणात मिसळावा म्हणजे मिश्रण पन्नास रुपये किलो पडेल? मी फरक मांडले, पाच आणि दहा, एकास दोन. मांडून होईपर्यंत आजी म्हणाली, "दोन कुडो जाडा, एक कुडो बारीक." मी वहीतून मान वर केली. ती कुशीवर वळली होती. अंधारातून विचारलं, "बारीक कोनता, एचेमटी?"

"ते दिलेलं नाही, आजी."

"सांगून विकते का न सांगता?"

"तेही दिलेलं नाही."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं झोपली.

"मंग उत्तर कसं काहाडलंस वो?"